पूर्वप्राथमिक शिक्षणातील बालगीते

पूर्वप्राथमिक शिक्षणातील बालगीते म्हणजे साधारणतः तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या शिक्षणात भाषा, उच्चार, शारीरिक हालचाल, अंकज्ञान आणि सामाजिक सवयी यांच्या विकासासाठी योजली जाणारी गीते, बडबडगीते व लयबद्ध खेळ होत. महाराष्ट्रातील अंगणवाड्या, बालवाड्या आणि खासगी शिशुवर्ग या तिन्ही ठिकाणी दिवसाची सुरुवात बहुधा गाण्याने होते. हे गाणे केवळ करमणुकीसाठी असते असा समज रूढ असला, तरी मुलाने शाळेत पाऊल ठेवल्यावर त्याच्या कानावर पडणाऱ्या नव्या भाषेशी त्याची पहिली ओळख याच गाण्यातून होते. घरची बोली आणि शाळेची प्रमाण मराठी यांत ठळक अंतर असलेल्या प्रदेशांत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा मालवण किनारा हे अशा प्रदेशाचे उत्तम उदाहरण आहे.

संज्ञा व प्रकार

मराठीत 'बालगीत' ही व्यापक संज्ञा आहे. तीत कवीने लिहिलेली व संगीतकाराने चाल लावलेली गीते येतात, तशीच कर्ता अज्ञात असलेली मौखिक गीतेही येतात. 'बडबडगीत' या प्रकारात अर्थापेक्षा नादाला प्राधान्य असते. यमक, अनुप्रास आणि निरर्थक पण उच्चारायला गमतीचे शब्द हा त्याचा प्राण होय. 'अंगाई' व 'पाळणा' ही झोपेची आणि बारशाची गीते मोठ्यांनी गावयाची असतात. 'कृतिगीत' अथवा 'अभिनयगीत' यात प्रत्येक ओळीबरोबर हातापायांची ठरावीक हालचाल असते. बोटे मोजत, तळहातावर बोट फिरवत किंवा मुलाला पायांवर झुलवत म्हणावयाची लहान गाणी घरोघरी आजीकडून नातवंडांकडे येतात. शाळेत त्यांचे कृतिगीत होते, तेव्हा मांडीची जागा वर्तुळ घेते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गाण्याला शिशुशिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय सामान्यतः जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांना दिले जाते. त्यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची संस्था सुरू केली. तीच पुढे 'किंडरगार्टन' या नावाने ओळखली गेली. आईने बाळासाठी गावयाची गीते व बोटांचे खेळ यांचे त्यांचे पुस्तक १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत स्वरांची ओळख करून देणाऱ्या घंटांचा संच, रेषेवरून चालण्याचा उपक्रम आणि 'शांततेचा खेळ' यांचा समावेश होता. ऐकणे हे शिकावे लागते, ही त्यामागची धारणा. माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथेच राहिल्या.

पश्चिम भारतात मात्र त्यांच्या विचारांचा प्रवेश आधीच झाला होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले आणि माँटेसरी पद्धतीला गुजराती लोककथा, खेळ व लोकगीतांची जोड दिली. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शहरी मध्यमवर्गीय बालमंदिरांपुरते हे काम मर्यादित राहू नये या विचाराने ताराबाईंनी १९४५ मध्ये उत्तर कोकणातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम जवळच्याच कोसबाड येथे हलले. बोर्डी व कोसबाड ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत.

बोर्डीच्या प्रयोगाचे वैशिष्ट्य साधनांत होते. परदेशी बनावटीची महाग उपकरणे खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून दगड, शिंपले, पाने, बिया, माती यांचा उपयोग करण्यात आला. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिका वस्तीतील अंगणात जाऊन शिकवू लागल्या. 'अंगणवाडी' ही कल्पना व हा शब्द या कामाशी जोडला जातो. अंगणात भरणाऱ्या वर्गाला भिंती नसतात. मुले गोळा व्हावीत, पांगलेली परत यावीत आणि बघ्या मोठ्यांनाही काही समजावे, यासाठी गाण्याइतके सोयीचे साधन दुसरे नाही. परिसरातील वस्तू जर शैक्षणिक साधन होऊ शकते, तर परिसरातील गाणेही होऊ शकते, हा विचार त्याच दिशेने जातो. तथापि शिंपले-बियांचा स्वीकार जितका सहज झाला, तितका बोलीतील गाण्यांचा झाला नाही.

केंद्र शासनाची एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण या तिच्या सहा सेवांपैकी शेवटची सेवा प्रत्यक्षात बराच काळ आहार व वजनाच्या नोंदींखाली दबलेली राहिली. सेविकेला शिकवण्यासाठी मिळणाऱ्या तुटपुंज्या वेळात जे हमखास होत असे, ते गाणेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा 'पायाभूत स्तर' मानला व २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गीते, गोष्टी व खेळ यांना अध्यापनपद्धती म्हणून स्थान मिळाले.

यमक, टाळी आणि अक्षर

बालगीताचा वाचनाशी संबंध जोडणारा दुवा म्हणजे ध्वनिजाणीव. शब्द हा ध्वनींच्या लहान तुकड्यांनी बनलेला आहे हे मुलाच्या लक्षात येणे, याला ध्वनिजाणीव म्हणतात. सामान्यतः मूल शब्दाच्या अर्थाकडे लक्ष देते. 'गाडी' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे चाके येतात, 'गा' आणि 'डी' येत नाहीत. यमकाच्या खेळात मात्र 'गाडी', 'वाडी', 'माडी' हे परस्परांशी अर्थाने असंबद्ध शब्द केवळ नादामुळे एकत्र येतात आणि मुलाचे लक्ष प्रथमच शब्दाच्या अंगाकडे वळते.

ब्रिटनमधील पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ मुलांचा सुमारे तीन वर्षे चार महिने ते सहा वर्षे तीन महिने या वयादरम्यान पाठपुरावा केला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या-चौथ्या वर्षी ज्या मुलांना अधिक बालगीते येत होती, त्यांची पुढील काळातील ध्वनिजाणीव व वाचन अधिक चांगले होते. बुद्ध्यंक, आईचे शिक्षण व सामाजिक स्तर यांचा प्रभाव वगळल्यानंतरही हा संबंध टिकून राहिला. हा अभ्यास इंग्रजी भाषक मुलांचा आहे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. इंग्रजीत शब्दाचे आद्य व्यंजन आणि त्यापुढील भाग असे दोन तुकडे पडतात व यमक त्या दुसऱ्या भागावर बोट ठेवते. मराठीची लिपी वेगळ्या पद्धतीने चालते. देवनागरीत लेखनाचे एकक 'अक्षर' आहे, म्हणजे व्यंजन व त्यास जोडलेला स्वर. त्यामुळे मराठी मुलासाठी यमकाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, उपयोगाचा आहे तो अक्षरागणिक पडणारा ठेका.

येथे एक बारकावा आहे. बोलताना मराठी माणूस शब्दाच्या शेवटी येणारा 'अ' उच्चारत नाही. 'कमळ' हा शब्द लिहिताना तीन अक्षरांचा, पण बोलताना 'क-मळ' असा दोनच आघातांचा असतो. पहिलीतील मूल ऐकून लिहिताना गोंधळते त्याचे हे एक कारण. गाण्यात, विशेषतः ठेक्यावर म्हणावयाच्या पारंपरिक रचनांत, हाच लुप्त 'अ' पुष्कळदा पुन्हा उच्चारला जातो आणि 'क-म-ळ' अशा तीन टाळ्या पडतात. अशा वेळी कानाला ऐकू येणारे तुकडे व फळ्यावर दिसणारी अक्षरे जुळतात. शब्द म्हणताना प्रत्येक अक्षराला टाळी वाजवण्याचा खेळ अनेक बालवाड्यांत खेळला जातो. तो चालीवर खेळला तर अधिक सुबोध होतो, याचे कारण हे आहे.

मालवणी घर आणि प्रमाण मराठी शाळा

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यात सर्वत्र बोलली जाणारी मालवणी काही अभ्यासक कोकणीची, तर काही मराठीची बोली मानतात. वर्गीकरणाचा हा वाद शिशुवर्गाच्या दृष्टीने गौण आहे. मालवण, वेंगुर्ला वा देवगडच्या किनाऱ्यावरील मूल घरी 'माका' म्हणते आणि शाळेत त्याला 'मला' ऐकू येते, ही वस्तुस्थिती दोन्ही मतांत सारखीच राहते.

बालगीतांच्या बाबतीत या अंतराचा परिणाम वेधक होतो, कारण बोली बदलली की यमके बदलतात. प्रमाण मराठीतील आकारान्त पुल्लिंगी नामे मालवणीत ओकारान्त असतात: घोडा हा घोडो, आंबा हा आंबो, बांगडा हा बांगडो. त्यामुळे 'वाडा' आणि 'गाडा' ही जोडी मालवणीत 'वाडो' आणि 'गाडो' अशी सुखरूप उतरते. 'मला' व 'तुला' यांचे 'माका' व 'तुका' होते आणि यमक कायम राहते. 'कुठे' व 'तिथे' यांचे 'खंय' व 'थंय' झाले की नाद उलट अधिक घट्ट होतो. मात्र 'कोंबडा' आणि 'तांबडा' ही प्रमाण मराठीतील सहज जोडी मालवणीत मोडते, कारण तेथे कोंबड्याला 'कोंबो' म्हणतात. 'मुलगी' या शब्दावर रचलेले यमक 'चेडू' या शब्दाला लावता येत नाही, आणि 'ओढा' या शब्दावरचे यमक 'व्हाळा'ला.

शिक्षिका जेव्हा ओळीचा शेवटचा शब्द गाळून मुलांकडून तो म्हणवून घेते, तेव्हा हा प्रश्न प्रत्यक्ष वर्गात उभा राहतो. मूल अर्थाने अचूक, पण यमकात न बसणारा 'कोंबो' हा शब्द उच्चारते. त्या उत्तराला हसणे अथवा ते चूक ठरवणे ही नेहमीची प्रतिक्रिया असते. मालवणीच्या बाबतीत हसण्याचा धोका जरा जास्तच आहे. गंगाराम गवाणकर यांच्या, १९८० साली रंगभूमीवर आलेल्या 'वस्त्रहरण' या नाटकाने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने मालवणीला महाराष्ट्रभर लोकप्रियता मिळवून दिली, पण ती बहुतांशी विनोदाची भाषा म्हणून. चार वर्षांच्या मुलाने गंभीरपणे उच्चारलेल्या शब्दावर वर्ग हसला, तर पुढच्या वेळी ते मूल गप्प बसते. शिशुवर्गातील अबोल मूल मंद आहे की केवळ सावध आहे, हे बाहेरून ओळखणे कठीण असते.

हाच प्रसंग दुसऱ्या रीतीनेही हाताळता येतो. 'कोंबो' हा शब्द स्वीकारून त्याला जुळणारा नवा शब्द मुलांकडूनच शोधून घेतला, तर एका ओळीच्या दोन ओळी होतात. एक शाळेची, एक घरची. दोन्हींतील फरक मुलांच्या कानांना कळतो आणि कोणतीही एक रद्द होत नाही. ध्वनिजाणिवेच्या दृष्टीने पाहता हा सराव एकाच बोलीतील यमकांपेक्षा अधिक कस पाहणारा आहे, कारण त्यात मुलाला अर्थ स्थिर ठेवून नाद बदलावा लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. मात्र शाळेच्या नोंदीत मालवणी मुलाची मातृभाषा बहुधा 'मराठी' अशीच लागते, त्यामुळे येथे अंतर आहे हेच कागदावर दिसत नाही.

अंतर केवळ शब्दरूपांचे नाही, वस्तूंचेही आहे. पाठ्यपुस्तकी गीतांतील शेत, विहीर, मोट व खिल्लारी बैल ही देशावरची चित्रे आहेत. किनाऱ्यावरील मुलाच्या जगात माड, होडी, रापण, कुर्ली, तारली आणि भरती-ओहोटी असते. जून महिन्यात शाळा सुरू होते तेव्हा पावसाळी मासेमारी बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या असतात आणि वर्गाबाहेर पाऊस कोसळत असतो; नारळी पौर्णिमेच्या सुमारास चित्र बदलते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाचे लांब जाळे. दोन रांगांत उभे राहून दोर ओढण्याची ती क्रिया कृतिगीतासाठी जणू तयारच आहे: सर्वांचे पाऊल एकाच ठोक्यावर मागे पडले, तरच जाळे येते. ठोका पाळणे म्हणजे काय, हे याहून सोपे करून सांगता येत नाही.

सणांचा भाग वेगळा. गणेश चतुर्थीच्या दिवसांत जिल्ह्यात घरोघरी भजने होतात व स्त्रिया फुगड्या घालतात. मूल शाळेत येण्यापूर्वीच झांजेचा ठेका, पेटीचा सूर आणि फुगडीची गती अनुभवून आलेले असते. त्याला संगीत 'शिकवण्या'पूर्वी त्याला काय येते हे पाहिले पाहिजे.

सिंधुदुर्ग आणि मराठी बालकविता

मराठीतील दोन श्रेष्ठ बालकवी याच किनारपट्टीने दिले, हा योगायोग उल्लेखनीय आहे. विंदा करंदीकर यांचा जन्म १९१८ मध्ये आजच्या देवगड तालुक्यातील धालवली येथे झाला, तर मंगेश पाडगावकर यांचा १९२९ मध्ये वेंगुर्ला येथे. करंदीकरांच्या 'राणीची बाग' (१९६१) पासून सुरू झालेल्या बालकवितांनी उपदेशाला फाटा दिला व विक्षिप्त कल्पना, उलटसुलट तर्क आणि अनपेक्षित यमक यांना मोकळे रान दिले. पाडगावकरांची अनेक बालगीते स्वरबद्ध होऊन आकाशवाणी व ध्वनिमुद्रिकांतून घराघरांत पोहोचली. त्यांतील 'सांग सांग भोलानाथ' हे गीत शाळा व पाऊस या विषयामुळे आजही शिशुवर्गांत हमखास म्हटले जाते. दोघांचेही बालकाव्य प्रमाण मराठीत आहे.

परिणामांविषयीचे दावे

संगीताने मूल हुशार होते, हा समज जाहिरातींनी फार फुगवला आहे. त्याचे मूळ १९९३ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सापडते. त्यात मोत्सार्टची रचना दहा मिनिटे ऐकल्यानंतर अवकाशीय आकलनाच्या चाचणीत तात्पुरती वाढ दिसली होती. प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि परिणाम काही मिनिटेच टिकला. बालकांचा त्यात संबंध नव्हता. सॅम्युअल मेहर व सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलांवर केलेल्या दोन यादृच्छिक चाचण्यांत (२०१३) काही आठवड्यांच्या संगीतवर्गांमुळे इतर बौद्धिक क्षमता वाढल्याचा सुसंगत पुरावा मिळाला नाही.

अधिक विश्वासार्ह वाटतात ते मर्यादित दावे. सेबास्टियन किर्श्नर व मायकेल टोमासेलो यांच्या २०१० च्या अभ्यासात, एकत्र गाऊन-नाचून खेळलेली चार वर्षांची मुले नंतर एकमेकांना मदत करण्यास अधिक तत्पर दिसली. तशाच, पण संगीतविरहित खेळातील मुलांत ही तत्परता कमी होती. याच दोघांच्या २००९ च्या अभ्यासानुसार, अडीच ते साडेचार वर्षांची मुले यंत्राच्या ठोक्यापेक्षा समोर बसून ढोल वाजवणाऱ्या माणसाबरोबर ठोका अधिक अचूक धरतात.

हा शेवटचा निष्कर्ष भ्रमणध्वनीवरील बालगीतांच्या चित्रफितींना थेट लागू पडतो. अंगणवाडीत पडदा व ध्वनिवर्धक आल्यापासून लावलेल्या गाण्यावर मुलांनी नाचणे, हा संगीताचा तास मानला जाऊ लागला आहे. यंत्र मुलांसाठी थांबत नाही. शब्द चुकला, पाऊल अडखळले, कोणी मध्येच प्रश्न विचारला, तरी गाणे पुढे जाते. शिवाय या चित्रफितींची गती बहुधा वेगवान असते आणि शब्द वाद्यमेळात बुडतात. सेविकेचा आवाज गोड नसला तरी चालतो. तो मुलांकडे पाहून गायलेला असतो. शहरी शिशुवर्गांत व आता तालुक्याच्या गावांतही इंग्रजी बालगीतांची घोकंपट्टी चालते. परभाषेचे नाद कानावर पडण्यात गैर काही नाही. पण अर्थ न कळता पाठ केलेली आणि पाहुण्यांपुढे म्हणून दाखवलेली गाणी मराठी अक्षरांची जाण वाढवत नाहीत, आणि इंग्रजीचीही फारशी वाढवत असतील असे वाटत नाही, कारण मुलाला त्यांत बदल करता येत नाही.

पट्टी आणि वाद्ये

शिशुवर्गातील गायनात नेहमी आढळणारा दोष म्हणजे चुकीची पट्टी. मोठी माणसे आपल्या सोयीने खालच्या पट्टीत सुरुवात करतात. तेथे मुलांचा आवाज पोहोचत नाही व ती ओरडू लागतात किंवा नुसते शब्द बोलू लागतात. पूर्वप्राथमिक वयातील मुलांना पेटीवरील मध्य सप्तकातील पांढरी दोन ते पांढरी सहा यांदरम्यानचा टापू सामान्यतः सोयीचा असतो. म्हणजे जेमतेम पाच स्वर. पारंपरिक बडबडगीते दोन-तीन स्वरांतच फिरतात ती यामुळेच म्हणता येतात, तर चित्रपटातील बालगीते, उदाहरणार्थ 'देवबाप्पा' (१९५३) या चित्रपटातील गदिमांचे 'नाच रे मोरा', ऐकायला आवडली तरी मुलांना पूर्ण स्वरात पेलत नाहीत. मुले ती चालीच्या आसपास म्हणतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

वाद्यांसाठी खर्चाची गरज पडत नाही. नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटल्या की घोड्याच्या टापांसारखा आवाज येतो. वाळक्या शेंगा, शिंपल्यांची माळ, डब्यात घातलेली वाळू आणि वेताची काठी यांतून नादांचे निरनिराळे प्रकार मिळतात, आणि कोणता आवाज कशाचा हे डोळे मिटून ओळखण्याचा खेळ माँटेसरींच्या घंटांचेच काम करतो. दक्षिण कोकण व गोव्यात वाजवले जाणारे घुमट हे मातीचे वाद्य पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवले जाई. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने आता त्यासाठी बकऱ्याचे कातडे वापरतात. आकाराने लहान घुमट मुलांच्या हाती देता येते, पण ते मातीचे असल्याने वर्गात फार दिवस टिकत नाही, करवंट्या टिकतात.